बाजू कुठलीही घ्या, खलाशाला मारायचा परवाना मिळत नाही

गेली दोन-तीन वर्षं आमच्या रत्नागिरी-दापोली पट्ट्यात कुठेही युद्धाचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतात, स्टँडसमोरच्या टपरीवर पडतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा पडतात. एक जण गाझातल्या पोरांचे फोटो टाकतो, दुसरा लगेच विचारतो ७ ऑक्टोबरला हमासने इस्राएलात काय केलं ते आधी बोल, तिसरा पहलगाम काढतो, चौथा म्हणतो युक्रेनच्या वेळी कुठे होतात, आणि सुदान तर कुणाच्या गावीही नसतं. शेवटी सगळे दमून उठतात, कुणाचं मत तसूभर हललेलं नसतं आणि ज्यांच्यावरून भांडण सुरू झालं ती मेलेली माणसं कधीच बाजूला पडलेली असतात. कोण कुठल्या बाजूने बोलणार हे तर बहुतेक वेळा आडनावावरूनच ठरलेलं असतं, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

हा वाद चुकीचा घातला जातोय असं माझं स्पष्ट म्हणणं आहे, कारण आपण दोन वेगळे प्रश्न एकात कालवतो. युद्ध कुणी सुरू केलं, कुणाची बाजू न्यायाची, हा एक प्रश्न. युद्ध पेटल्यावर गोळी कुणावर चालवायची आणि कुणावर नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर काहीही येऊ दे, दुसऱ्याचं बदलत नाही. ज्याची बाजू शंभर टक्के न्यायाची आहे त्यालाही दवाखान्यावर, पाण्याच्या टाकीवर, पिठासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर बॉम्ब टाकायची मुभा मिळत नाही, आणि ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झालाय त्यालाही कुणाच्या घरात घुसून म्हातारी माणसं ओलीस न्यायची मुभा मिळत नाही. गाझासाठी ज्याचा जीव तुटतो त्याने ७ ऑक्टोबर २०२३ च्या सुमारे १,२०० मृतांबद्दल बोलायला कचरू नये, आणि ज्याला त्या दिवसाचा राग आहे त्याने गाझातल्या ६०,००० हून जास्त मृतांकडे (हा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा) पाठ फिरवू नये. हे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येतं, बोललंच पाहिजे.

आणि 'तिकडचं तिकडे, आपल्याला काय' हे वाक्य निदान कोकणातल्या माणसाने तरी उच्चारू नये. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले अशी आठवण बेने इस्रायली लोकांनी जपलेली आहे. रायगडच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवणारे हे शनवार तेली, घरात मराठी बोलणारे, १९४८ नंतर हजारोंनी इस्राएलला गेले आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोदसारख्या गावांत वसले. जून २०२५ मध्ये इराणचं क्षेपणास्त्र ज्या सोरोका हॉस्पिटलवर पडलं ते बीरशेबाचंच. दुसरीकडे म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, खेड, दापोलीतल्या किती घरांची चूल कुवेत-कतार-सौदीच्या पगारावर पेटते ते वेगळं सांगायला नको. त्याच जूनमध्ये कतारमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सुटली, आखातावरची विमानं थांबली आणि इथे मोहल्ल्यांत आणि वाड्यांत लोक रात्रभर फोन लावत बसले. १९९० साली सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीय अडकले होते, अम्मानमार्गे त्यांना आणावं लागलं, त्यातून परत आलेली माणसं आजही आपल्या गावांत आहेत. म्हणजे त्या नकाशावर बॉम्ब कुठेही पडला तरी तो कोकणातल्या कुणाच्या तरी नातेवाइकाच्या जवळपास पडतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

तिसरे म्हणजे जहाजावरचे. मर्चंट नेव्हीत आपली पोरं किती आहेत हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, कारण सांगितलं गाझाचं. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा नावाच्या टँकरवर क्षेपणास्त्र लागलं, आत नाफ्ता हे ज्वालाग्राही इंधन भरलेलं, जहाजावर २२ भारतीय आणि १ बांगलादेशी, आग विझवायला आपल्या नौदलाची आयएनएस विशाखापट्टणम धावली म्हणून निभावलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर तीन खलाशी मेले, दोन फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. गॅलेक्सी लीडर जहाजाचे २५ जण तर वर्षाहून जास्त काळ ओलीस होते. या माणसांचा गाझाशी काय संबंध होता? घराचं कर्ज फेडायला सहा-आठ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर चढलेला माणूस, त्याला मारून गाझातल्या कुठल्या पोराच्या पोटात घास गेला? गाझाबद्दलची तळमळ खरी असली तरी हे कृत्य गुन्हाच राहतो. दोन प्रश्न वेगळे ठेवायचे म्हणजे हेच.

कायदा तसा मागतो तरी काय? मुळात फार थोडं. लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा. लष्करी लक्ष्यावर मारा करतानाही सामान्यांचं नुकसान लष्करी फायद्याच्या मानाने अति होणार असेल तर तो मारा करू नका. मारा करण्याआधी काळजी घ्या, खात्री करा, शक्य असेल तर इशारा द्या. जखमी, कैदी, डॉक्टर, अँब्युलन्स यांना हात लावू नका. उपासमार हे हत्यार म्हणून वापरू नका. १८५९ साली इटलीतल्या सोल्फेरिनोच्या रणांगणावर हजारो जखमी विव्हळत पडलेले आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्याने पाहिले, त्यातून रेड क्रॉस उभी राहिली, १८६४ ला पहिला जिनिव्हा करार झाला, आणि दुसऱ्या महायुद्धाचा संहार बघून १२ ऑगस्ट १९४९ ला आजचे चार करार झाले. जगातल्या सगळ्या देशांनी ते मान्य केलेत, आपणही केलेत, आणि १९६० साली संसदेने त्यासाठी जिनिव्हा करार कायदा केला. युद्ध करूच नका असं यात कुठेही म्हटलेलं नाही. हे लोकांना माहीतच नसतं आणि मग 'हे शांतीवाले' म्हणून मोडीत काढतात.

आता विरोधी मुद्द्यांकडे येतो, कारण ते पोकळ नाहीत.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा म्हणजे हे नियम कुणी पाळतच नाही, पोलीस नाही, कोर्ट नाही, मग कागदाला काय जाळायचंय. यात तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिनचं वॉरंट काढलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहूंचं आणि हमासच्या लष्करी प्रमुखाचंही काढलं, पण पुतिन मंगोलियात गेले आणि सुखरूप परत आले, नेतान्याहू हंगेरीत गेले आणि त्यांचं स्वागत झालं, आणि दोन्ही देश तेव्हा त्या न्यायालयाचे सदस्य होते. सुरक्षा परिषदेने २०१६ साली ठराव क्रमांक २२८६ करून दवाखान्यांवरचे हल्ले थांबवा असं एकमताने बजावलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझातल्या नासेर हॉस्पिटलवर लागोपाठ मारा झाला, त्यात पत्रकारही गेले. हे सगळं डोळ्यांसमोर असताना कायद्याचं कौतुक सांगणाऱ्याचा राग येणं मी समजू शकतो.

पण मोडलेला नियम दिसतो, पाळलेला नियम बातमीत येत नाही. १ जानेवारीचं उदाहरण घ्या. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दरवर्षी त्या दिवशी आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार १९८८ च्या ३१ डिसेंबरला झाला म्हणून. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झालं, पुलवामा झालं, यादी थांबली नाही. आपल्या किनाऱ्यावर तारापूर आहे, पालघरपासून मुंबईपर्यंतची सगळी वस्ती त्या एका नियमाच्या आसऱ्याला आहे. दोन कट्टर वैऱ्यांनी, एकमेकांवर काडीचा विश्वास नसताना, कुठल्याही पोलिसाशिवाय तीसहून जास्त वर्षं पाळलेला नियम आहे हा. किंवा मार्च २०२२ घ्या. युक्रेनमधल्या सुमी शहरात सुमारे ७०० भारतीय विद्यार्थी अडकले होते, बर्फ वितळवून पाणी पीत होते, ते बाहेर निघाले ते दोन्ही सैन्यांनी काही तास वाट मोकळी ठेवली म्हणून. वेढ्यात अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी अशी वाट द्यायची ही कल्पना चौथ्या जिनिव्हा करारातलीच. २०१५ ला येमेनमधून आपल्या नौदलाने आणि विमानांनी ४,६०० हून जास्त भारतीय आणि ४१ देशांचे साडेनऊशेहून जास्त परके लोक आणले तेव्हाही बॉम्बफेक करणाऱ्यांकडून ठरावीक तास मागून घेतले होते. हे तास कुणी का देतं? कारण न लढणाऱ्या माणसाला जाऊ द्यायचं असतं हे अजून सगळ्यांना, निदान तोंडदेखलं तरी, मान्य आहे. ते 'तोंडदेखलं'सुद्धा संपलं तर मागायला काही उरणार नाही. आणि न्यायालयांचं म्हणाल तर बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात १९९५ साली ८,००० च्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, ते घडवणारा बोस्नियन सर्बांचा सेनापती म्लादिच १६ वर्षांनी का होईना पकडला गेला आणि जन्मठेपेत गेला. उशीर झाला, पण सुटला नाही.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे आणि मराठी माणसाला तो जास्त भिडतो. तो असा, की नियम पाळणारा मार खातो. सावरकरांनी यालाच सद्गुणविकृती म्हटलं, त्यांची तेरा वर्षं स्थानबद्धतेत गेली ती रत्नागिरीतच, त्यामुळे हा शब्द आमच्याकडे तोंडातोंडी आहे. समोरचा बायकापोरांना सोडत नाही तर आपण एकट्यानेच का सोडायचं, आपला सभ्यपणा त्याला दुबळेपणा वाटणार नाही का, हा प्रश्न विचारणारा माणूस क्रूरच असतो असं नाही. बरेचदा तो पहलगामनंतर विचारत असतो, आणि पहलगामच्या २६ मृतांपैकी ६ आपल्या महाराष्ट्रातले होते, एक तर पनवेलचा.

पण मग इतिहासच काढायचा तर नीट काढू. चिपळूणला घोडदळाची छावणी पडली होती त्या वेळचं शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं, जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आपण सगळे सांगतो पण तिला समकालीन कागदाचा आधार नाही. हे पत्र मात्र अस्सल आहे. त्यात महाराज सैन्याला काय बजावतात? पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आत्ताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याकडे जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजी, असं झालं की रयत गाव सोडून निघून जाईल आणि म्हणेल की तुमच्यापेक्षा मोगल बरे. इतकंच नाही, रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत. चारी बाजूंनी शत्रू असलेला राजा छावणीतल्या दिव्याच्या वातीपर्यंत विचार करतो, आणि तो भाबडा आहे असं कुणी म्हणू शकेल का? रयत फिरली की राज्य संपलं हे त्यांना नीट कळत होतं. आणि हे पत्र लिहावं लागलं याचा अर्थ सैन्य आपोआप नीट वागत नसतं हेही तितकंच खरं. पुढे अठराव्या शतकात ही शिस्त सुटली. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी १७४० च्या दशकात बंगालात जो हैदोस घातला त्याची आठवण तिथल्या अंगाईत अजून आहे, पोरं झोपवायला तिकडे 'बर्गी' म्हणजे आपले बारगीर येतात. शिवरायांचं पत्र छातीवर मिरवायचं आणि हे पान उलटून टाकायचं, असं मला जमणार नाही. त्या लुटीने मराठ्यांचं पूर्वेकडे कायमचं काय भलं झालं तेही कुणीतरी सांगावं.

वसईचं घ्या. मे १७३९, तीनेक महिन्यांचा वेढा, चिमाजी अप्पांच्या फौजेचं प्रचंड नुकसान झालेलं, सुरुंगांनी बुरूज उडालेले, आणि पोर्तुगीजांनी त्याआधी उत्तर कोकणातल्या हिंदूंचा केलेला छळ सगळ्यांच्या डोक्यात. सूड घ्यायचा तर त्याहून चांगला दिवस नव्हता. पण तह झाला तो असा की शिबंदीने हत्यारांसह, बायकापोरांसह, जंगम मालमत्तेसह निघून जावं. किल्ला मिळाला, पुढचं रक्त वाचलं. शत्रूला शरण यायची वाट दिसली तरच तो शरण येतो, नाहीतर शेवटच्या माणसापर्यंत लढतो आणि तुमचीही माणसं मारतो. १९७१ ला ढाक्यात हेच झालं. पाकिस्तानी सेनापती नियाझींनी ज्या कागदावर सही केली त्यात जिनिव्हा करारांचं नाव घेऊन लिहिलंय की शरण आलेल्यांना सैनिकाला साजेशा सन्मानाने वागवलं जाईल, आणि परदेशी नागरिक आणि अल्पसंख्याक यांना संरक्षण मिळेल. ९३,००० युद्धकैदी भारताने सांभाळले आणि परत पाठवले. युद्ध तेरा दिवसांत संपलं. यात कुठली विकृती झाली?

गोव्याची आठवण तर आणखी जवळची. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांना हुकूम धाडला होता, शेवटपर्यंत लढा, शरणागती नको, गोवा भारताच्या हाती जाऊ देण्यापेक्षा उद्ध्वस्त करा. काही पूल उडवलेही गेले. पण पणजी, मडगाव, जुन्या गोव्याची चर्चेस, तिथली माणसं यांची राखरांगोळी करायला त्या माणसाने नकार दिला आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. पोर्तुगालने त्याला सैन्यातून हाकललं, पुढे १९७४ ला तिकडे क्रांती झाल्यावर त्याची प्रतिष्ठा परत मिळाली. तो परकीय सत्तेचा अधिकारी होता, गोव्यावरचा त्याचा हक्कच मुळात आपल्याला मान्य नव्हता, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर पूर्णपणे त्याच्या विरोधात. आणि तरी दुसऱ्या प्रश्नावर तो माणूस बरोबर होता. आज जे गोवा आपण बघतो त्यात त्याच्या त्या हुकूम मोडण्याचा वाटा आहे, हे कबूल करायला आपलं काय जातं?

माणसं मारून समोरच्याची हिंमत खचते असं ज्यांना वाटतं त्यांनी लंडनकडे बघावं. १९४०-४१ च्या बॉम्बफेकीत ब्रिटनमध्ये ४०,००० हून जास्त नागरिक मेले, ब्रिटन वाकलं नाही. पुढे जर्मन शहरांवर त्याहून कितीतरी जास्त बॉम्ब पडले, जर्मन जनतेनेही उठाव केला नाही, बर्लिन पडलं ते सैन्य आत शिरल्यावर.

आता तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यात अवघड वाटतो. शत्रू जर सामान्य माणसांतच लपत असेल तर काय करायचं? दवाखान्याखाली भुयार असेल, शाळेत दारूगोळा असेल तर? यावर शहरातली माणसं तात्त्विक बोलतात, पण किनाऱ्यावरच्या माणसाला हे तात्त्विक नाही. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला हत्यारं आणि स्फोटकं उतरली ती आपल्याच श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. २००८ ला अतिरेकी आले ते कुबेर नावाची मच्छीमार बोट पळवून, तिच्यावरच्या खलाशांना आणि तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, मारून. म्हणजे मच्छीमार बोटीच्या आडून शत्रू येतो हे आपण दोनदा भोगलंय. मग त्यानंतर आपण काय केलं, दिसेल त्या होडीवर गोळीबाराचा हुकूम काढला? नाही. प्रत्येक बोटीची नोंदणी, मोठा नंबर रंगवायचा, राज्यागणिक बोटींना रंग ठरवून दिला, खलाशांना बायोमेट्रिक कार्डं दिली, सागरी पोलीस ठाणी उभी केली, सागर कवच नावाच्या कवायती सुरू झाल्या. हर्णे किंवा मिरकरवाड्याच्या बाहेर कोस्ट गार्डची बोट बाजूला येऊन लागते तेव्हा तांडेल कागदांची प्लास्टिकची पिशवी काढतो, कार्डं मोजली जातात, बर्फाच्या खणात टॉर्च मारतात, जाळी उचलून बघतात. खलाशी वैतागतात, कोळंबी खराब होते, कधी कधी अपमानही होतो, तक्रारी आहेतच. पण फरक करणं हे काम आहे, मेहनतीचं, पैशाचं, वेळेचं काम, आणि ते आपण अंगावर घेतलं. शत्रू गर्दीत लपतो म्हणून गर्दीच शत्रू होत नाही, हे आपण आपल्या मच्छीमारांच्या बाबतीत मान्य केलं. मग दुसऱ्याच्या बाबतीत का नाही?

आणि जेव्हा कुणी हे काम न करताच गोळी झाडली तेव्हा आपण काय म्हणालो तेही आठवा. १५ फेब्रुवारी २०१२, केरळच्या किनाऱ्याबाहेर एन्रिका लेक्सी या इटालियन टँकरवरच्या मरीननी दोन भारतीय मच्छीमारांना चाचे समजून ठार केलं. अख्खा देश पेटून उठला, संशयावरून माणूस कसा मारता म्हणून. अगदी योग्य पेटला. पण त्याच्या सव्वातीन वर्षं आधी, नोव्हेंबर २००८ मध्ये, आपल्या आयएनएस तबरने एडनच्या आखातात चाच्यांचं जहाज म्हणून जे बुडवलं ते अपहरण झालेलं थाई ट्रॉलर निघालं, त्यावर ओलीस खलाशी होते. नौदलाचं म्हणणं की समोरून धमकी आली, आधी गोळीबार झाला, म्हणून स्वसंरक्षणार्थ मारा केला. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. मेलेले खलाशी मात्र गरीब मासेमारच होते, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे कुणी पेटून उठलं नाही.

मच्छीमाराला युद्धात हात लावायचा नाही हा नियम तर कित्येक शतकं जुना आहे. १८९८ ला अमेरिका-स्पेन युद्धात अमेरिकन नौदलाने हवानाजवळ दोन छोट्या मच्छीमार होड्या पकडल्या, एक पाकेते हबाना आणि दुसरी लोला, आत जिवंत मासे आणि मोजकी माणसं, त्यांना युद्ध सुरू झालंय हेही माहीत नव्हतं. होड्या लिलावात विकून टाकल्या. मालक कोर्टात गेले आणि १९०० साली अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टाने आपल्या नौदलाच्या विरोधात निकाल दिला, पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजाच्या आदेशापासूनचे दाखले देऊन, की किनाऱ्यावर मासे पकडणारी होडी युद्धातही पकडता येत नाही, भरपाई द्या. १९०७ च्या हेग करारात ते लिहिलं गेलं. अट एकच, होडीने युद्धात भाग घेता कामा नये. दवाखान्याचंही तसंच. आतून शत्रूला अपाय करणारी कामं होत असतील तर दवाखान्याचं संरक्षण जाऊ शकतं, पण त्याआधी इशारा द्यावा लागतो, वाजवी मुदत द्यावी लागते, आणि त्यानंतरही आतल्या रुग्णांचा जीव हिशेबात धरावाच लागतो. भुयार आहे म्हटलं की हिशेब संपला, असं नाही. आणि दवाखान्याखाली भुयार खणणाराही तेवढाच गुन्हेगार, रुग्णांना ढाल करणं हासुद्धा गुन्हाच.

उरला दुटप्पीपणाचा मुद्दा, की बडे देश दुसऱ्याला शिकवतात आणि स्वतः मोडतात. मोडतात. इराकमध्ये अबू गरीबच्या तुरुंगात काय झालं ते जगाने बघितलंय. पण आपलं काय? फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या हाती लागले तेव्हा दोन दिवस सगळा देश जिनिव्हा कराराचं नाव घेत होता, कारगिलच्या वेळी पकडलेल्या कॅप्टन सौरभ कालियांच्या छळाबद्दल आपण बोलतो तेव्हाही पाया त्याच कराराचा असतो. आपल्या जवानासाठी जो कागद पवित्र, तो पूंछमध्ये मे २०२५ च्या तोफमाऱ्यात मेलेल्या सामान्य माणसांसाठीही पवित्र, आणि सीमेपलीकडच्या सामान्य माणसासाठीही. असं म्हणणारा देशद्रोही ठरत नाही. त्या मे महिन्यात आपल्या सरकारनेही जगाला हेच सांगितलं की मारा मोजून-मापून आहे, नागरिकांवर नाही. म्हणजे या नियमांचं वजन सरकारला कळतं, टीव्हीवर ओरडणाऱ्यांना कळत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने ब्राझील, चीन, फ्रान्स, जॉर्डन, कझाकस्तान आणि दक्षिण आफ्रिकेला बरोबर घेऊन या कायद्याची पत सावरायची मोहीम सुरू केली. भारताने यात पुढे होऊन बोलावं असं मला वाटतं, कारण जगभर एवढी माणसं पसरलेला, एवढे खलाशी पाठवणारा देश दुसरा क्वचितच असेल. १९७७ चे दोन पूरक करार आपण अजून स्वीकारलेले नाहीत, त्यात नागरिकांच्या संरक्षणाची सगळ्यात तपशीलवार कलमं आहेत. अंतर्गत संघर्षाबद्दलची सरकारची अडचण मी समजू शकतो, पण मग निदान पहिला, देशादेशांतल्या युद्धाबद्दलचा करार तरी संसदेत चर्चेला यावा. मे २०२५ च्या मॉक ड्रिलच्या यादीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, उरण, तारापूर सगळे होते, भोंगे वाजवायचे, दिवे घालवायचे हे शिकवलं. त्याच ड्रिलमध्ये दवाखान्याच्या छपरावरचं लाल चिन्ह कशासाठी असतं, जखमी शत्रूसैनिक किनाऱ्याला लागला तर त्याचं काय करायचं, हेही शिकवायला हवं. जमावाच्या हातात तो पडला तर काय होईल याची मला खात्री वाटत नाही.

आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यात एक मोठी फट आहे ती बुजवायला हवी. गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीज नागरिकत्व निवडलेल्या तिथल्या एका धर्मगुरूंनी चौथ्या जिनिव्हा कराराचा आधार मागितला होता, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९६९ साली कोर्टाने सांगितलं की हा कायदा सामान्य माणसाला स्वतःहून दाद मागायचा खास हक्क देत नाही, हे करार सरकारा-सरकारांतले आहेत. त्यात कलम १७ म्हणतं की या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने घ्यायची ती फक्त सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून. म्हणजे उद्या एखाद्या खलाशाच्या बायकोला, ज्याने तिच्या नवऱ्याला जाणूनबुजून मारलं तो माणूस मुंबई बंदरात उतरलाय हे कळलं, तरी ती या कायद्याखाली स्वतः कोर्टात जाऊ शकत नाही, सरकारची वाट बघत बसणार. पीडिताच्या कुटुंबाला तक्रार करता यावी एवढी दुरुस्ती त्या कलमात हवी. हे खासगी विधेयक म्हणूनही मांडता येतं, त्याला ना पैसा लागतो ना कुठल्या देशाची परवानगी. रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचे खासदार कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांच्या मतदारांत आखातातली घरंही आहेत आणि जहाजावरचीही, तेव्हा पुढच्या वेळी ते गावात येतील तेव्हा रस्त्याच्या आणि जेटीच्या अर्जाबरोबर हाही अर्ज त्यांच्या हातात द्यायचा असं आम्ही काही जणांनी ठरवलंय, आणि त्यावर सह्या दोन्ही तटांतल्या लोकांच्या घेणार आहोत.